टाच, जमीन आणि सीटचा दांडा

लिफ्टचं दार बंदच होईना. माझ्या एका हातात अर्धवट घडी झालेली सायकल, दुसऱ्या हातात कॅरिअरवरून काढलेली एक बॅग, कोपराला लटकलेलं हेल्मेट, आणि दुसरी बॅग कुठे गेली म्हणून मी इकडेतिकडे बघतेय तर आत उभे असलेले काका म्हणाले, "ताई, तुमची एक बाहेरच राहिली बघा." खरंच राहिली होती, बरोबर दाराच्या फटीत. त्यांनी पायाने दार अडवलं, मी वाकून बॅग ओढली, त्या ओढाताणीत सायकलचं हँडल सुटलं आणि थेट त्यांच्या पोटरीवर. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या हो, तुम्ही निवांत घ्या." निवांत म्हणे. मागे चार माणसं खोळंबली होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न, की ही बाई घर शिफ्ट करतेय का.

तर ही पोस्ट त्याबद्दल, म्हणजे घडीच्या सायकलीवर मागे बॅग कशी न्यायची त्याबद्दल. ऐकायला अगदीच फालतू विषय वाटतो, कॅरिअर आहे, बॅग आहे, बांधा आणि निघा, त्यात काय एवढं. मलाही असंच वाटलं होतं. साडेतीन वर्षं झाली, नाना तऱ्हा करून झाल्या, एका बॅगेचा पट्टा तुटला, दोन बॅगा माळ्यावर पडून आहेत आणि आत्ता कुठे जरा जमल्यासारखं वाटतंय म्हणून लिहून टाकते.

आधी सायकल कशी आहे ते सांगते. वीस इंची चाकं, मधोमध बिजागरी, हँडलचा उंच खांब दुमडून खाली येतो, सीटचा लांबलचक दांडा नळीत खाली सरकतो. सात गिअर. मागचं कॅरिअर सायकलबरोबरच आलेलं. रोजचा क्रम असा की घरी घडी उघडून निघायचं, थोडं चालवायचं, घडी घालायची, ट्रेन, उघडायची, परत चालवायचं, घडी, लिफ्ट, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. म्हणजे दिवसाला चार वेळा घडी आणि चार वेळा उघडणं. हा चारचा आकडा लक्षात असू द्या, कारण माझी सगळी चूक तिथेच होती. सामान म्हणाल तर लॅपटॉप, चार्जर, कपड्यांचा एक जोड, रेनकोट, कुलूप, एखादं पुस्तक. एकदा सगळं वजनकाट्यावर ठेवून बघितलं तर सात किलोच्या आसपास भरलं, त्यातला सव्वा किलो नुसतं कुलूप.

सुरुवातीचे काही महिने पाठीवर सॅक. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पाठ भिजते, मान अवघडते, आणि मागे रिकामं कॅरिअर बघून आपल्यालाच आपण येडे वाटतो.

मग बंजी. त्या हुकवाल्या रंगीत रबरी दोऱ्या. ऑफिसची बॅग कॅरिअरवर आडवी टाकली, दोन बंज्या फुलीसारख्या ताणून लावल्या आणि निघाले. दोन आठवडे मस्त. मग एक दिवस बॅगेचा खांद्याला लावायचा लांब पट्टा, जो मी गुंडाळून बॅगेखाली खोचला होता, तो धक्क्याधक्क्याने सुटत सुटत खाली आला. मला कळलं कधी, तर मागून कोणीतरी सायकल धरून ओढल्यासारखं झालं तेव्हा. पट्टा आऱ्यांमधून आत जाऊन चाकाच्या मध्यावरच्या हबभोवती दोन वेढे घट्ट बसले होते, चाक जागच्या जागी थांबलं आणि मी सीटवरून घसरून पुढे. पडले नाही कारण वेगच नव्हता, उतारावर असते तर ही पोस्ट एका हाताने टाइप करावी लागली असती. पट्टा काढायला वीसेक मिनिटं गेली, साधी निरगाठ असती तर सोडवता तरी आली असती, हा चाक उलटं फिरवत वीत वीत बाहेर काढावा लागला, आणि निघाला तेव्हा मधोमध तुटूनच निघाला.

नंतर डोकं शांत झाल्यावर टेप घेऊन बसले. माझ्या सायकलीच्या टायरची उंची जमिनीपासून ५० सेंमी आणि त्याच्या दोन बोटं वर कॅरिअर, म्हणजे कॅरिअरपासून हब फक्त २७ सेंमीवर. मोठ्या चाकाच्या सायकलीत हेच अंतर साधारण ३५-३७ असतं. म्हणजे तिथे वीतभर लोंबणाऱ्या पट्ट्याला थोडी तरी माफी आहे, इथे नाही. शिवाय छोटं चाक जास्त फिरतं, माझं चाक एका किलोमीटरला साधारण ६४० वेळा फिरतं, मोठ्या सायकलीचं ४६५ च्या आसपास, त्यामुळे एकदा टोक आत गेलं की ते गुंडाळलं जायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेव्हापासून सायकलवर जाणाऱ्या कुठल्याही बॅगेचा लोंबणारा प्रत्येक बंद मी आधी कापते नाहीतर दुमडून टाका घालते. घरी यावरून चेष्टा होते, होऊ दे.

आणि बंजीबद्दल अजून एक, ती ताणलेली असताना हुक निसटला तर तो सरळ तोंडाकडे येतो. डोळ्याला अशा इजा होण्याचं प्रमाण इतकं आहे की डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिलेत. मी आता जुनी ट्यूब वापरते. पंक्चर काढून काढून थकलेली ट्यूब उभी चिरायची, हवा भरायचा व्हॉल्व्ह कापून टाकायचा, लांब पट्टी मिळते. कॅरिअरच्या नळीला एक टोक बांधून ठेवायचं, सामानावरून ताणून आणायचं आणि सुरगाठ मारायची. रबर रबराला धरतं त्यामुळे सुटत नाही, आणि सोडायची तेव्हा एक टोक ओढलं की मोकळं. हुक नाही, खडखडाट नाही.

पट्टा प्रकरणानंतर मी म्हटलं आता नीट काहीतरी करू. पॅनिअर घेऊ. म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हुकने लटकणाऱ्या बॅगा, लांबच्या प्रवासाला जाणारे सायकलवाले लावतात तशा. वॉटरप्रूफ, वरून गुंडाळून बंद करायच्या. हा प्रकार म्हणे हार्टमुट ऑर्टलिब या जर्मन माणसाला इंग्लंडमध्ये पावसात सायकल चालवताना सुचला, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या ताडपत्र्या बघून, आणि १९८२ साली त्याने त्या कापडाच्या बॅगा बनवायला सुरुवात केली. गोष्ट आवडली मला. माझ्या बॅगा दुसऱ्याच कोणाच्या होत्या, पण कल्पना तीच, आणि बॅगेत खोट काहीच नव्हती. खोट माझ्या हिशोबात होती.

पहिल्याच दिवशी पेडल मारलं आणि टाच बॅगेला ठप्प. पुन्हा ठप्प. प्रत्येक फेरीला ठप्प ठप्प. मग मी पाय पेडलवर पुढे सरकवून चवड्यांच्या टोकावर चालवायला लागले तर पोटऱ्या दुखायला लागल्या, मग बॅगा कॅरिअरवर होतील तितक्या मागे सरकवल्या तर टाच सुटली पण चढावर हँडल हलकं लागायला लागलं आणि मागचा भाग शेपटीसारखा हलायला लागला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

हे असं का होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण पॅनिअर घ्यायच्या आधी मला कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. क्रँकची, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं त्या दांड्याची, लांबी १७ सेंमी. पेडल पूर्ण मागे असताना टाच पेडलच्या आसापासून अजून साधारण १७ सेंमी मागे जाते, मोठा बूट असेल तर जास्तच. म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतात त्या मध्यापासून टाच झाली ३४ सेंमी मागे. आणि माझ्या सायकलीत त्याच मध्यापासून मागच्या चाकाचा आस ४० सेंमीवर आहे, कारण घडी लहान व्हायला हवी म्हणून सगळं आखूड ठेवलेलं असतं. राहिले किती, सहा सेंमी. आता ३० सेंमी रुंदीची बॅग बरोब्बर आसाच्या वर मध्यावर टांगली तर ती पंधरा सेंमी पुढे येणार. सहा सेंमी जागेत पंधरा सेंमी बॅग. ठप्प होणारच ना.

पण खरी गंमत उंचीत आहे. मोठ्या सायकलीत कॅरिअर सत्तर सेंमीच्या वर असतं, त्यावर चाळीस सेंमी उंचीची बॅग टांगली तरी तिचा तळ तीस सेंमीच्या वर राहतो आणि पेडल मागे गेलं असताना पाऊल साधारण त्याच उंचीवर किंवा खाली असतं, त्यामुळे बऱ्याचदा टाच बॅगेच्या खालच्या कोपऱ्याजवळून निघून जाते, म्हणून तर कित्येक पॅनिअरचा तो कोपरा तिरका कापलेला असतो. माझं कॅरिअर ५२ सेंमीवर. तीच बॅग इथे टांगली की तळ जमिनीपासून १२ सेंमीवर. म्हणजे बॅग बरोब्बर पावलाच्या उंचीवर लोंबतेय, टाच चुकवणार कुठून! आणि बारा सेंमी म्हणजे किती, तर फुटपाथची कड. एकदा वळताना सायकल झुकली, बाजूला उंचवटा होता, बॅगेचा तळ खर्रकन घासला आणि तिथे अजून पांढरा चरा आहे. उजव्या बाजूला गिअर बदलणारा मागचा डिरेलरही छोट्या चाकामुळे आधीच जमिनीजवळ असतो, बॅग आत ढकलली गेली की त्याला टेकायची आणि गिअर आपोआप बदलायचा, मला वाटायचं केबल बिघडली.

वजन मागे गेल्याचंही गणित मांडून बघितलं मी. बारा किलो सामान आसाच्या पंधरा सेंमी मागे, आणि दोन चाकांमधलं अंतर शंभर सेंमी धरलं तर पुढच्या चाकावरून उचललं जातं फक्त १.८ किलो. एवढंच! कागदावर काहीच नाही. पण कागदाला बिजागरी नसते. घडीच्या सायकलीचा मधला सांधा, हँडलचा तो उंच खांब, सगळं थोडं थोडं लवतं, आणि मागे बाहेर लटकलेलं वजन डावी-उजवीकडे डोलायला लागलं की ते सगळं लवणं एकत्र हातात जाणवतं. उभं राहून पेडल मारलं तर विचारूच नका.

ज्यांना तरीही पॅनिअरच हव्यात त्यांनी आधी पुठ्ठा घ्या. खरंच सांगतेय. बॅगेच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, कॅरिअरला चिकटपट्टीने लावायचा, रोजचे बूट घालून सीटवर बसायचं, कोणालातरी सायकल धरायला सांगायची आणि पेडल उलटं फिरवायचं. पुठ्ठा वाजला की तेवढा कापायचा. जेवढा पुठ्ठा शेवटी उरेल तेवढी बॅग घ्या. मी हे बॅगा घेतल्यानंतर केलं, तेव्हा उरलेला पुठ्ठा बघून रडू आलं. जो आकार उरतो तो बहुतेक पुढच्या चाकाला लावायच्या लहान पॅनिअरच्या मापाचा असतो, साधारण तीस सेंमी उंच आणि पंचवीसेक रुंद. त्या लहान पॅनिअर मागे लावल्या की बऱ्याच जणांचं काम होतं. हुकमध्ये बारीक नळीसाठी घालायचे प्लास्टिकचे तुकडे मिळतात ते विसरू नका, ते नसले की प्रत्येक खड्ड्याला बॅग खडखडते.

पण माझं काम त्यानेही झालं नसतं, कारण तो चार घड्यांचा आकडा. मधोमध दुमडणाऱ्या सायकलीचं पुढचं चाक येऊन मागच्या चाकाला चिकटतं, म्हणजे त्या बाजूची बॅग काढल्याशिवाय घडीच होत नाही. दुसरी ठेवली तर सायकल एका बाजूला कलंडते. मग दोन्ही काढा. आता दोन बॅगा आणि एक बारा किलोची सायकल, आणि हात दोनच. देवांच्या चित्रात चार हात का असतात ते मला त्या लिफ्टमध्ये कळलं.

ब्रॉम्प्टन नावाची इंग्लंडची घडीची सायकल आहे, तिच्यावाल्यांचं तर अजून वेगळं. त्यात मागचं चाक खालून आत वळतं आणि कॅरिअरच घडीचा तळ होऊन बसतं, त्याला बारकी चाकं असतात त्यावर सायकल उभी राहते. म्हणजे कॅरिअरवरचं सामान उतरवल्याशिवाय घडी पुरी होणारच नाही. कॅरिअरची मर्यादाही १० किलोच. ती सायकल बनवणारे अँड्र्यू रिची यांनी म्हणूनच की काय सामानाची मुख्य जागा पुढे केली, आणि तीही हँडलवर नाही तर फ्रेमच्या पुढच्या नळीवर एक ठोकळा बसवून त्यावर. त्यामुळे हँडल वळतं पण बॅग वळत नाही, सरळ पुढे बघत राहते. पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, चालवताना मात्र एकदम स्थिर. माझ्या सायकलीला तशी सोय नाही. हँडलला पिशवी अडकवून बघितली होती एकदा, छोट्या चाकाचं हँडल आधीच चुळबुळं, त्यात ती पिशवी झोके घेतेय, गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत काढून टाकली. आणि त्या उंच खांबाला पायथ्याशी सांधा असतो, त्यावर सतत वजन टाकायचं माझ्या मनाला पटत नाही.

मध्ये एका मैत्रिणीने तिची सीटखाली लटकवायची बॅग दिली वापरायला. जाड कॅनव्हासची, इंग्लंडच्या कॅराडाइसवाल्यांची, ते लोक १९३२ पासून असल्या बॅगा शिवतायत. सुती कापड भिजलं की धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, त्यामुळे प्लास्टिकशिवाय पाणी अडतं, हे बघून मी फिदाच झाले. बॅग सुंदर, शिवण सुंदर, टाचेला लागत नाही, जमिनीला लागत नाही. स्टेशनवर पोचले, सीटचा खटका सोडला, दांडा खाली ढकलला तर बॅग कॅरिअरवर जाऊन बसली आणि दांडा अर्ध्यातच अडला. घडीच्या सायकलीत सीट पूर्ण खाली जायलाच हवी ना, नाहीतर ती घडी कसली! वीतभर दांडा वर राहिलेली सायकल ट्रेनच्या सीटखाली शिरेना, मी ती पूर्ण वेळ मांडीशी धरून उभी. बॅग धुऊन परत केली. सीटच्या दांड्याला पकडणारी वेगळी कॅरिअर्स मिळतात, त्यांचीही हीच कथा, शिवाय त्यांची ताकद कमी असते.

इथपर्यंत माझं मत असं झालं होतं की छोटी चाकं आणि सामान हे जमणारच नाही. मग कुठेतरी मोल्टनबद्दल वाचलं आणि जरा चक्रावले. ॲलेक्स मोल्टन म्हणजे १९५९ च्या मिनी गाडीचं रबरी सस्पेन्शन ज्यांनी केलं ते. त्यांनी १९६२ साली छोट्या चाकांची सायकल आणली, आणि ती घडीची नव्हतीच. पुढे-मागे सामानाला जागा मिळावी हाही त्या छोट्या चाकांचा एक हेतू होता. चाक खाली गेलं की वरची जागा मोकळी होते, साधी गोष्ट. म्हणजे मी साडेतीन वर्षं ज्याला अडचण म्हणत होते तो मुळात फायदा होता आणि मी तो चुकीच्या बाजूने वापरत होते, कॅरिअरच्या खाली.

मग मी वर बघितलं. कॅरिअर ५२ सेंमीवर, माझं सीट ९३ वर. मध्ये चाळीस सेंमी उंचीची जागा रिकामी, वर छप्पर म्हणून सीट, आणि पुढे टेकायला दांडा. अख्खं फडताळ की हो! मोठ्या सायकलीत कॅरिअर आणि सीटमध्ये एवढी जागा नसते, म्हणून आपल्याला सवयच नाही तिथे बघायची, आपण आपलं कॅरिअर दिसलं की बॅग आडवी टाकतो.

माळ्यावरून जुनी सॅक काढली. तीच, पहिली, पाठ भिजवणारी. ती कॅरिअरवर उभी ठेवली, पाठीला लागणारी बाजू सीटच्या दांड्याकडे. खांद्याचे दोन पट्टे दांड्याच्या दोन बाजूंनी पुढे घेतले आणि छातीवर लावायचं जे छोटं बकल असतं ना, ज्याचा आयुष्यात कधी उपयोग केला नव्हता, ते दांड्यापुढे कटकन लावलं. झालं. सॅकने दांड्याला मिठी मारली. डबलसीट बसलेलं लहान पोर पुढच्याला धरून बसतं तशी दिसते. खाली तळाला ट्यूबची एक पट्टी, कॅरिअरच्या एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत, सॅकच्या खालच्या भागावरून ताणलेली. दांडा मागे कललेला असतो त्यामुळे सॅकही जरा मागे टेकून आरामात बसते. लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असतो म्हणजे तो दांड्याला लागून उभा, आणि सगळं वजन आसाच्या मागे न जाता थोडं पुढेच राहतं. चढावर हँडल हलकं होत नाही. बॅग डोलत नाही. टाच तर सोडाच, पोटरीही लागत नाही.

आणि घडीच्या वेळी, बकल काढलं, पट्टी सोडली, सॅक पाठीवर. दोन्ही हात मोकळे! मी मोजलं, बारा-पंधरा सेकंद. पॅनिअरच्या वेळी नुसती दुसरी बॅग कुठे ठेवली ते शोधण्यात तेवढे जायचे. आता बॅग बघताना मी पहिल्यांदा हेच बघते की सायकलवरून उतरली की ती अंगावर चढते का. हातात धरायची बॅग असेल तर कितीही देखणी असो, नको.

कटकटी आहेत, नाही असं नाही. मागून टांग टाकून बसता येत नाही, पुढून पाय ओलांडावा लागतो, पण घडीच्या सायकलीची नळी खाली असते त्यामुळे तेवढं चालतं. सॅक फार फुगीर असेल तर सीटच्या मागून मांड्यांना घासते, म्हणून कपडे खाली आणि सपाट वस्तू वर असं भरावं लागतं. सीटखालचा लाल दिवा सॅकमागे पूर्ण झाकला जातो, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला, तोही मागून येणाऱ्या एका दादाने सिग्नलला थांबून सांगितलं म्हणून, "ताई, तुमचा लाईट दिसतच नाहीये." आता दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळा डाग. दांडा ॲल्युमिनियमचा, रोज वर-खाली होणारा, त्याची काळी भुकटी सॅकच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला लागते, आणि तीच बाजू मग माझ्या खांद्यावर. पांढरा शर्ट, त्यावर दोन काळ्या उभ्या रेघा, मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही पण सगळे बघत होते. दांड्याला काही गुंडाळता येत नाही कारण तो नळीत जायला हवा, म्हणून पट्ट्यांना कापडाच्या खोळी शिवल्या, बटणाच्या, आठवड्याला धुवायच्या. दांडाही अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसते, त्याने पकडही चांगली राहते, नाहीतर सीट चालवता चालवता हळूहळू खाली यायची.

वजनाचं म्हणाल तर कॅरिअरवर कमाल किती ते बहुतेक वेळा कोरलेलंच असतं, माझ्यावर २५ किलो आहे. ते वाचून हुरळून जाऊ नका. सायकलची स्वतःची मर्यादा वेगळी असते आणि त्यात आपण स्वतःही आलो, घडीच्या सायकली बनवणाऱ्या डहॉनच्या बऱ्याच मॉडेलना ती १०५ किलो आहे, ब्रॉम्प्टनला ११०. म्हणजे आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग बॅगेचं बघू. छोटं चाक तसं वजनाला दणकट असतं, आरे आखूड असतात ना, पण टायरमध्ये हवा कमी असेल तर खड्ड्यात रिमच आपटते, त्यामुळे सामान असेल त्या दिवशी मी मागच्या टायरला हवा जरा जास्त ठेवते.

खूपच सामान असेल तर बाइक फ्रायडेवाल्यांनी केलेली युक्ती मला फार आवडते, १९९२ पासून अमेरिकेत यूजीनमध्ये बनतात त्या सायकली. सायकल सुटी करून सूटकेसमध्ये भरायची, विमानातून उतरलं की सायकल बाहेर काढून जोडायची आणि त्याच सूटकेसला चाकं लावून सायकलमागे ट्रेलर म्हणून ओढायची. आधी बॅगेत सायकल, मग सायकलमागे बॅग. मला कधी लागणार नाही, पण असं काही सुचणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो.

राहता राहिले बोल्ट. कॅरिअर धरून ठेवणारे ते चार एम-५ बोल्ट, चार नंबरच्या ॲलन कीने बसतात, आणि छोट्या चाकांना धक्के जास्त लागतात त्यामुळे ते हळूहळू सैल होतातच. माझा एक अर्धा बाहेर आलेला सापडला होता, तेव्हापासून दर रविवारी चारही हाताने चाचपते. गेल्या आठवड्यात मागून टिक टिक टिक असा आवाज यायला लागला. म्हटलं गेला अजून एक बोल्ट. थांबले, चारही घट्ट. कॅरिअर हलवलं, गप्प. सॅक काढून चालवलं, गप्प. सॅक लावली, टिक टिक टिक. आरे वाजवून बघितले, मडगार्डची तार बघितली, डिरेलर बघितला, बिजागरीचा खटका परत उघडून लावला, हात कोपरापर्यंत काळे. घरी येऊन सॅक उतरवली तेव्हा कळलं, सव्वा किलोच्या कुलपाची किल्ली बाहेरच्या कप्प्यातून लोंबत होती आणि दांड्यावर आपटत होती.